विश्वचषक आधी कोणाचा?

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात प्रश्नमंजूषेचे काम माझ्याकडे आले होते. क्रीडाविभागात मी एक सोपा प्रश्न ठेवला होता : क्रिकेटचा पहिला विश्वचषक कोणत्या वर्षी खेळला गेला? माझ्या हातातील चिठ्ठीवर उत्तर होते, १९७५. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीने क्षणाचाही विलंब न लावता "१९७३" असे सांगितले. मी "चूक" म्हटले, मागच्या बाकांवरून हशा उठला आणि तिचा गट शेवटी एका गुणाने हरला. कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सर, प्रश्नात तुम्ही 'पुरुषांचा' असं म्हणाला नव्हता."

मी इतिहास शिकवतो. विद्यार्थ्यांच्या सनावळीतील चुका काढणे हा माझा वर्षानुवर्षांचा उद्योग! त्या रात्री घरी जाऊन मी पुस्तके उघडली. ती मुलगी बरोबर होती, आणि मी नुसता चुकलो नव्हतो, तर एका मोठ्या विषयाबद्दल संपूर्ण अडाणी होतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या एका गुणाची उशिरा केलेली फेड आहे, असे वाचकांनी समजावे.

स्त्रियांचे आंतरराष्ट्रीय क्रिकेट १९७३ मध्ये सुरू झाले असे मात्र नाही. त्यांचा पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्यात झाला आणि तो इंग्लंडने जिंकला. परंतु त्यानंतरच्या जवळजवळ चाळीस वर्षांत कसोटी खेळणाऱ्या देशांची संख्या चाराच्या पुढे गेली नाही : इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. याचे कारण खेळात नव्हते, खर्चात होते. परदेश दौरा म्हणजे महिनोन्‌महिने घराबाहेर राहणे. खेळणाऱ्या स्त्रिया कोठे शिक्षिका, कोठे कचेरीत नोकरीला. रजा मिळवायची, पदरचे पैसे मोडायचे आणि मग खेळायचे. त्यातच कसोटी सामन्याला सलग तीन-चार दिवस मैदान अडकून राहते आणि इतके करून निकाल लागेलच याची हमी नाही. अशा पद्धतीने सहा-सात देशांची स्पर्धा भरवायची म्हटली, तर ती संपायला अर्धे वर्ष लागेल.

मर्यादित षटकांच्या सामन्याने नेमकी हीच गाठ सोडवली. दोन्ही बाजूंना ठरावीक षटके, एकाच दिवसात खेळ पुरा आणि पावसाने घात केला नाही तर निकाल निश्चित. मैदान एका दिवसाचे, रजा एका दिवसाची, भाडे एका दिवसाचे. पुरुषांच्या क्रिकेटला ही पद्धत गर्दी खेचण्यासाठी हवी होती. स्त्रियांच्या क्रिकेटला ती जगण्यासाठीच हवी होती. हा फरक लक्षात घेतला, म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो.

इंग्लंडच्या संघनायिका रेचेल हेहो फ्लिंट आणि उद्योगपती जॅक हेवर्ड यांनी स्त्रियांच्या विश्वचषकाची कल्पना उचलून धरली. हेवर्ड यांनी त्यासाठी ४० हजार पौंड दिले. जून १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये सात संघ जमले : इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जमैका, त्रिनिदाद व टोबॅगो, तरुण इंग्लंड आणि निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंचा एक आंतरराष्ट्रीय संघ. प्रत्येक डाव ६० षटकांचा. २० जूनला ठरलेला पहिलाच सामना पावसात वाहून गेला, एकही चेंडू टाकता आला नाही! २३ जूनला खेळ खऱ्या अर्थाने सुरू झाला आणि त्याच दिवशी होव्ह येथे लिन थॉमस (१३४) व एनिड बेकवेल (नाबाद १०१) या इंग्लंडच्या सलामीच्या जोडीने आंतरराष्ट्रीय संघाविरुद्ध २४६ धावांची भागीदारी केली. स्त्रियांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील ही पहिली दोन शतके. स्पर्धा साखळी पद्धतीची होती, पण २८ जुलैच्या एजबॅस्टनवरील शेवटच्या सामन्यावरच विजेतेपद येऊन ठेपले. इंग्लंडने ३ बाद २७९ धावा काढून ऑस्ट्रेलियाला ९२ धावांनी हरवले. बेकवेलने पुन्हा शतक ठोकले. पुरुषांचा पहिला विश्वचषक त्यानंतर दोन वर्षांनी, त्याच इंग्लंडमध्ये झाला.

आपल्या देशातही १९७३ हेच वर्ष महत्त्वाचे ठरले. लखनौ येथे महेंद्रकुमार शर्मा यांच्या पुढाकाराने भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि एप्रिलमध्ये पुण्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. संघ तीनच : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. परंतु तीन संघांच्या या रोपट्याने फार लवकर मूळ धरले. १९७६ मध्ये बंगळूरच्या शांता रंगास्वामी यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी मालिका खेळली आणि पाटण्याला पहिला कसोटी विजय मिळवला. १९७८ चा दुसरा विश्वचषक तर भारतातच झाला. त्यात संघ चारच होते. १ जानेवारी १९७८ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मुंबईच्या डायना एडलजी यांच्या संघाने इंग्लंडविरुद्ध भारताचा पहिला एकदिवसीय सामना खेळला. भारत तिन्ही सामने हरला. हैदराबादच्या अखेरच्या लढतीत इंग्लंडला नमवून ऑस्ट्रेलियाने चषक नेला.

येथपर्यंतची कथा चढत्या आलेखाची आहे, पण पुढचे पान वाचताना मन खट्टू होते. १९८२ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये झाला, त्यात भारत खेळला. १९८८ चा ऑस्ट्रेलियात झाला, तेथे आपला संघ गेलाच नाही. त्यानंतर थेट १९९३! म्हणजे दोन विश्वचषकांच्या मध्ये अकरा वर्षे. खेळाडूच्या आयुष्यात अकरा वर्षे म्हणजे जवळजवळ सारी कारकीर्द. आरक्षण नसलेल्या डब्यातून प्रवास, वसतिगृहाच्या फरशीवर झोप, एकमेकींत वाटून घेतलेल्या बॅटी, हे त्या पिढीतील खेळाडूंनी पुढे वारंवार सांगितले आहे. एडलजी यांनी १९७८ मध्ये भारताचे नेतृत्व केले आणि १९९३ मध्येही केले. या पंधरा वर्षांत त्यांच्या वाट्याला एकदिवसीय सामने आले अवघे ३४. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याचे काम पुढे आहे.

ही ओढाताण केवळ भारताची नव्हती. १९९३ चा इंग्लंडमधील विश्वचषक पैशाअभावी बारगळण्याच्या बेतात होता, एका धर्मादाय निधीने ९० हजार पौंड दिले म्हणून तो पार पडला. इंग्लंडने लॉर्ड्‌सवर न्यूझीलंडला हरवून तो जिंकला.

१९९७ चा विश्वचषक पुन्हा भारतात आला, या वेळी अकरा संघांचा. १६ डिसेंबर १९९७ या एका दिवसाकडे पाहा. मुंबईत वांद्र्याच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाची संघनायिका बेलिंडा क्लार्क हिने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा काढल्या. त्याच दिवशी पुण्यात इंग्लंडच्या शार्लट एडवर्ड्‌सने आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ धावा केल्या, तेव्हा तिला अठरावे वर्ष पुरे व्हायला एक दिवस बाकी होता. क्लार्कचे ते द्विशतक एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील पहिले, स्त्री-पुरुष असा भेद न करता पहिले. सचिन तेंडुलकरने ग्वाल्हेरला नाबाद २०० धावा केल्या त्या २४ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे बारा वर्षांनंतर. डेन्मार्कचा संघ दुबळा होता, तो ४९ धावांत संपला, हे कबूल केलेच पाहिजे. तरीही ग्वाल्हेरच्या त्या दिवशी रेडिओला कान लावून बसलेल्या आपल्यापैकी कितीजणांना वांद्र्याची आठवण झाली? मला झाली नव्हती, कारण मला ती माहीतच नव्हती. विसाव्या षटकांच्या सामन्याचीही तीच कथा. पहिला आंतरराष्ट्रीय सामना स्त्रियांचा, ५ ऑगस्ट २००४ रोजी, त्याच होव्हच्या मैदानावर. पुरुषांचा त्यानंतर सहा महिन्यांनी.

प्रथम करणे आणि प्रथम म्हणून ओळखले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीसाठी कोणीतरी पाहणारे असावे लागते. १९९७ च्या ईडन गार्डन्सवरील अंतिम सामन्यात सीमारेषेबाहेर चेंडू आणून देण्याचे काम एक किशोरवयीन मुलगी करत होती. तिने क्लार्कला चषक उचलताना पाहिले आणि आपणही खेळायचे असे ठरवले. ती झूलन गोस्वामी. पुढे तिने एकदिवसीय क्रिकेटमध्ये २५५ बळी घेतले. निवृत्त झाली तेव्हा जगातील कोणाही स्त्रीला तो आकडा गाठता आला नव्हता. पाहण्याचे मोल असे असते.

२००५ मध्ये स्त्रियांची जागतिक क्रिकेट परिषद पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत विलीन झाली. त्याच वर्षी मिताली राजच्या भारतीय संघाने दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात अंतिम फेरी गाठली, तेथे ऑस्ट्रेलियाने त्यांना हरवले. २००६ मध्ये भारतातील महिला क्रिकेटही नियामक मंडळाच्या छत्राखाली आले. विलीनीकरणात स्वतंत्र संघटना गेली, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार गेला, हे खरे. परंतु चांगली मैदाने, प्रशिक्षक, विमानप्रवास आणि दूरचित्रवाणीचा पैसा ज्या घरात होता त्या घराचे दार उघडले. ते एकदम सताड उघडले नाही. खेळाडूंना वार्षिक करार २०१५ मध्ये मिळाले, सामन्याचे मानधन पुरुषांच्या बरोबरीने, म्हणजे एकदिवसीय सामन्याला सहा लाख रुपये, २०२२ मध्ये ठरले. मिताली राज १९९९ ते २०२२ या काळात २३२ एकदिवसीय सामने खेळली. आता एडलजींचे ३४ सामने आठवा. दोघींमधील अंतर गुणवत्तेचे म्हणता येईल का? ते संधीचे आहे.

२०१७ च्या इंग्लंडमधील विश्वचषकाने आपल्या सीमाभागाचे या खेळाशी प्रत्यक्ष नाते जोडले. बेळगावच्या एका अंगाला सांगली, दुसऱ्या अंगाला विजापूर. सांगलीच्या स्मृती मंधानाने त्या स्पर्धेत वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या. विजापूरच्या राजेश्वरी गायकवाडने न्यूझीलंडचे पाच बळी १५ धावांत घेतले आणि तो संघ ७९ धावांत कोसळला. उपांत्य सामन्यात हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा फटकावल्या. लॉर्ड्‌सवरील अंतिम सामन्यात ३ बाद १९१ अशा भक्कम स्थितीतून भारताचे उरलेले सात गडी २८ धावांत बाद झाले आणि नऊ धावांनी चषक हुकला. परंतु तो पराभव देशाने पाहिला. १९७८ चे पराभव कोणी पाहिले नव्हते.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हे वर्तुळ पूर्ण झाले. साखळीत ओळीने तीन सामने गमावलेल्या भारताने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे आव्हान पार केले, त्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावा होत्या. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून हरमनप्रीतच्या संघाने भारताचा पहिला विश्वचषक जिंकला. शेफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी निर्णायक ठरले. विजेत्यांसाठी बक्षीस होते सुमारे ४५ लाख डॉलर. पुण्यातील तीन संघांपासून येथवर बावन्न वर्षे लागली.

या यशाची एक किंमतही आहे. मर्यादित षटकांच्या खेळाने स्त्रियांचे क्रिकेट जगवले, पण त्या वाढीत कसोटी क्रिकेट मागे पडले. तेवीस वर्षे खेळूनही मिताली राजच्या वाट्याला कसोटी सामने बाराच आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये म्हैसूरला कसोटी खेळल्यावर भारतीय स्त्रियांना पुढच्या कसोटीसाठी जून २०२१ पर्यंत थांबावे लागले. जे दार उघडले त्यातून आत आल्यावर बाकीची दारे बंद राहू नयेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

जाता जाता भाषेबद्दल. २०२१ मध्ये क्रिकेटच्या इंग्रजी नियमांत 'बॅट्‌समन' काढून 'बॅटर' शब्द घालण्यात आला. मराठीला हा खटाटोप करावा लागला नाही, आपला 'फलंदाज' दोघांनाही शोभतो. 'गडी बाद' चे मात्र काय करावे, हे मराठी विभागातील सहकाऱ्यांनी ठरवावे. वर मीही तोच शब्द वापरला आहे!

प्रश्नमंजूषेची ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तिच्यावर आता प्रश्न असा लिहिला आहे : क्रिकेटचा पहिला विश्वचषक कोणत्या वर्षी खेळला गेला? शब्द एकही बदललेला नाही, फक्त उत्तर बदलले आहे. ती विद्यार्थिनी यंदा शेवटच्या वर्षात आहे आणि हा अंक तिच्या हाती पडेलच. तिचा तो गुण मी येथे जाहीरपणे तिला देत आहे. गटाचा निकाल आता बदलता येणार नाही, याचे मात्र वाईट वाटते.