चरीचा संप आणि नारायण नागू पाटील

आपल्या वऱ्हाडात कोकणासारखी खोती (कुळं आणि सरकार यांच्यामधला सारा गोळा करणारा मध्यस्थ म्हणजे खोत) नव्हती, त्यामुळे बुलढाण्याकडे नारायण नागू पाटलांचं नाव फारसं कानावर येत नाही. पण कुळांची चळवळ समजून घ्यायची तर अलिबागजवळच्या चरीपासूनच सुरुवात करावी.

राबायचं कुळाने, भाताचा मोठा वाटा खोताचा, वर वेठबिगार. 27 ऑक्टोबर 1933 ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरीत सभा झाली आणि कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. 25 गावांनी साथ दिली. डोंगरातली लाकडं विकून लोकांनी दिवस काढले, पण 1939 पर्यंत नांगर धरला नाही! घरात भात नसताना इतकी वर्षं एकी टिकवणं, याच्यासमोर मला कुठलंही भाषण फिकं वाटतं.

1934 मध्ये डॉ. आंबेडकर चरीला आले. 1937 मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्याच वर्षी पाटलांनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र काढलं. राजकारण पुढे घरातच रुजलं: मुलगा दत्ता पाटील शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) आमदार आणि विरोधी पक्षनेते झाले.

खोती नसली तरी कुळं आपल्याकडेही होती: विदर्भासाठी वेगळा कूळ कायदा 1958 चा. जुना सातबारा घरी असेल तर काढून बघा, त्यात ‘कुळाचे नाव व खंड’ असा रकाना सापडेल.