घरच्या कॉफीचा हिशेब

कॉफीचं यंत्र किंवा भांडं घेताना आपण आधी त्याची किंमत पाहतो. पण एक कप कितीला पडणार, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: कपाला किती ग्रॅम पूड लागते आणि आणलेली वस्तू रोज वापरात राहते का. खालचे भाव उदाहरणादाखल धरले आहेत. तुमच्या दुकानातला भाव घालून आकडे बदला. दूध-साखर ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे लागते, म्हणून ती हिशेबाबाहेर ठेवली आहे. इंधनही तसंच. कपभर पाणी उकळायला जेमतेम तीन ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे वीसेक पैसे.

इन्स्टंट

एका कपाला दोन ग्रॅम पुरतात. 100 ग्रॅमची बाटली 400 रुपयांना असेल, तर कपाला 8 रुपये. इतक्या कमी पुडीत भागतं, कारण ती सगळी विरघळते. दळलेल्या बियांचा मात्र साधारण पाचवा हिस्साच पाण्यात उतरतो, बाकीचा चोथा होतो.

पातेलं आणि स्टीलचा फिल्टर

जायफळ-वेलची घालून पातेल्यात उकळलेली कॉफी आपल्या घरांत जुनीच. तिला गाळणीखेरीज काही लागत नाही. पण पूड खळखळून उकळली की कडवटपणा वाढतो, म्हणून गॅस बंद करून पूड घालावी आणि चार मिनिटं झाकून ठेवावी.

स्टीलच्या फिल्टरात 20 ग्रॅम पुडीवर उकळतं पाणी ओतलं, की दोन कपांपुरता दाट अर्क खाली उतरतो. पूड 800 रुपये किलो धरली, तर कपाला 8 रुपये, म्हणजे इन्स्टंटइतकेच! फिल्टरात ना कागद ना रबर, त्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकतो. दूध घालून पिणाऱ्या घरासाठी माझं मत निःसंशय याच्या बाजूने आहे.

पाकीट मात्र वाचून घ्या. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी असा नियम आहे, आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं. चिकोरी स्वस्त असते आणि पाण्यात जास्त उतरते, म्हणून थोड्या पुडीतही रंग गडद येतो. त्यामुळे 80-20 आणि 55-45 यांच्या भावांची थेट तुलना करू नये.

फ्रेंच प्रेस, पोअर ओव्हर, मोका पॉट

इथे मगभर काळ्या कॉफीला 15 ग्रॅम लागतात. ताज्या भाजलेल्या बियांचं 250 ग्रॅमचं पाकीट 500 रुपयांना घेतलं, तर मग 30 रुपयांना पडतो. पोअर ओव्हरला वर कागदी फिल्टरचे तीन-चार रुपये. हजार रुपयांचा प्रेस रोज वापरला, तर पाच वर्षांत त्याचा वाटा मगामागे 55 पैसे. महाग आहेत त्या बिया. प्रेससाठी पूड दुकानातूनच जाडसर दळून आणा, बारीक पूड जाळीतून कपात उतरते. मोका पॉटचं रबर अधूनमधून बदलावं लागतं, आणि ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही.

एस्प्रेसो यंत्र

20,000 रुपयांचं यंत्र रोज दोन कपांसाठी पाच वर्षं चाललं, तर कपामागे साडेपाच रुपये. फक्त रविवारी दोन कप केले, तर तोच आकडा 38 वर जातो. पूड आणि बारीक दळणाऱ्या ग्राइंडरचा खर्च वेगळा. कॅप्सूलच्या यंत्राला ग्राइंडर लागत नाही, पण एका कॅप्सूलमध्ये पाच-सहा ग्रॅमच कॉफी असते. ती 50 रुपयांना घेतली, तर कॉफीचा भाव किलोला नऊ हजारांच्या घरात जातो.