चमच्याच्या चोचीचा पाहुणा

हिवाळ्यात कोकणच्या खाड्यांवर टिलव्यांचे थवे तुम्ही पाहिलेच असतील. जवळजवळ तेवढाच, पाठीवर करडा, पोटाशी पांढरा असा एक तुतवार त्याच दिवसांत बांगलादेश व म्यानमारच्या किनाऱ्यांवर उतरतो. त्याच्या चोचीचे टोक चमच्यासारखे पसरट असते. घरटे मात्र थेट रशियाच्या ईशान्य टोकाला! जगात हे पक्षी आता काही शेच उरले आहेत.

मग तो ओळखायचा कसा? बाजूने पाहिले तर चमचा सहसा ध्यानात येत नाही, समोरून दिसतो. आणि गंमत अशी, की साध्या टिलव्याच्या चोचीला चिखल चिकटला की तोही चमचेवाला वाटू लागतो! तेव्हा घाई नको. चोच स्वच्छ होईपर्यंत थांबा.

नंतर पुस्तक उघडण्याआधी तिथेच वहीत लिहा: तारीख, वेळ, भरती की ओहोटी, उजेड, अंतर. जमल्यास छायाचित्र घ्या. पायात खूणपट्टी असेल तर तिचा रंग आणि अक्षरे टिपा. २०१२ पासून काही पिल्ले माणसांनी वाढवून सोडली आहेत. त्यांचे पुढे काय झाले, ते अशा पट्ट्यांवरूनच कळते.

जे दिसले नाही, ते ‘दिसले नाही’ असेच लिहा. जिथे मोजणीच शेकड्यांत, तिथे एक चुकीची नोंदही भारी पडते.