तहानलेलं झाड तोंड का मिटतं?

ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस दडी मारली की विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू कपाशीखाली पात्यांचा सडा पडतो. पाते म्हणजे कपाशीच्या फुलाची कळी. एक पाते गळालं की एक बोंड गेलं. घरातल्या साऱ्यांचा जीव टांगणीला लागतो. कुणाला वाटतं रोग पडला, कुणी टॉनिकची बाटली आणायला धावतं. कधी कारण अळीचंही असतं. पण पुष्कळदा ती पाती झाडाने स्वतःच सोडलेली असतात. जमिनीत आहे तेवढ्या ओलीवर किती बोंडं पोसतील, याचा हिशेब झाडाने आपल्या आधी मांडलेला असतो.

या हिशेबात मोठा वाटा असलेलं रसायन शास्त्रज्ञांच्या हाती पहिल्यांदा लागलं, तेही कपाशीतच. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कपाशीची कोवळी बोंडं का गळतात, हे शोधत होते. १९६३ मध्ये त्यांनी सुमारे २२५ किलो बोंडांमधून एक शुद्ध पदार्थ वेगळा काढला. तो भरला अवघा ९ मिलिग्रॅम, चिमूटभर मिठाहून कितीतरी कमी. त्याच सुमारास वेल्समध्ये फिलिप वेअरिंग झाडांच्या कळ्या हिवाळ्यात झोपी कशा जातात, याचा शोध घेत होते. दोघांच्या हाती आलेला पदार्थ एकच निघाला. गळतीवरून त्याला ‘ॲब्सिसिक ॲसिड’ हे नाव मिळालं. नाव थोडं फसवंच म्हणायचं, कारण पान किंवा बोंड देठापासून तोडण्याचं प्रत्यक्ष काम मुख्यतः इथिलीन हा दुसरा संप्रेरक करतो, ज्याने केळी पिकतात तोच. ॲब्सिसिक ॲसिडचं खरं मोठं काम पाण्याचं आहे.

ते १९६९ मध्ये लक्षात आलं. गव्हाची पानं तोडून सुकत ठेवली, तर चारेक तासांतच त्यांतलं हे संप्रेरक सुमारे चाळीसपट वाढलेलं दिसलं.

वाढून ते करतं काय? मुळांनी ओढलेल्या १०० लिटर पाण्यापैकी ९५ लिटरहून अधिक पाणी पानांवाटे हवेत उडून जातं. पानांवर, बहुतेक खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. शाळेच्या पुस्तकात मुलं त्यांना पर्णरंध्रे म्हणून शिकतात. प्रत्येक छिद्राला राजम्याच्या दाण्यासारख्या दोन पेशींचे ओठ असतात. त्या पाण्याने फुगल्या की छिद्र उघडतं, ढिल्या पडल्या की मिटतं. ॲब्सिसिक ॲसिड पोचलं की या पेशींतले क्षार बाहेर जातात, त्यांच्यामागे पाणी जातं, आणि काही मिनिटांत ओठ मिटू लागतात.

हा निरोप पेशीला ऐकू कसा येतो, हे मात्र पुढे चाळीस वर्षं नीट कळत नव्हतं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील शॉन कटलर आणि जर्मनीतील एर्विन ग्रिल यांच्या गटांनी, वेगवेगळ्या वाटांनी, तो ऐकणारी प्रथिनं शोधून काढली. एवढा वेळ लागण्याचं एक कारण गमतीचं आहे. मोहरीच्या कुळातल्या ज्या छोट्या रोपट्यावर हे प्रयोग चालतात, त्यात असे ‘कान’ एकूण चौदा आहेत. एक बंद केला तर बाकीचे काम भागवतात, मग बिघाड दिसणार कसा? निरोप ऐकल्यावर जे घडतं, तेही आपण कल्पना करू त्याच्या उलट आहे. पेशीत एक ब्रेक कायम दाबलेला असतो. संप्रेरक आलं की ‘कान’ त्या ब्रेकला धरून ठेवतो आणि छिद्र मिटवणारी यंत्रणा मोकळी सुटते.

कोरडी पडते मुळाजवळची माती, आणि तोंड मिटायचं पानाने. मग बातमी वर जाते कशी? २०१८ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतील संशोधकांनी दाखवलं, की तहानलेलं मूळ एक छोटा प्रथिनाचा तुकडा पानांकडे पाठवतं आणि पानं स्वतःच ॲब्सिसिक ॲसिड बनवू लागतात.

पण हे फुकट होत नाही. ज्या छिद्रातून पाणी उडतं, त्यातूनच कार्बन डायऑक्साइड आत येतो, आणि त्याच्यापासूनच झाड अन्न बनवतं. तोंड मिटलं म्हणजे जेवणही थांबलं. पान तापतं, साखर कमी पडते, आणि मग पोसता येणार नाहीत ती पाती जातात. कपाशी जगते, पण कापूस घटतो. म्हणूनच नुसतं हे संप्रेरक वाढवून दुष्काळाला तोंड देणारं वाण मिळेल, अशी आशा मला फारशी वाटत नाही. कटलर यांच्या गटाने २०१९ मध्ये या संप्रेरकाचं काम करणारं ‘ओपाबॅक्टिन’ नावाचं रसायन तयार केलं. गहू आणि टोमॅटोवर त्याचा परिणाम दिसला. पण अशी रसायनं पाणी वाचवतात, पाणी देत नाहीत. पातेगळ थांबवायला आपल्याकडे एनएए फवारतात, तो ऑक्झिन हा वेगळा संप्रेरक. तो देठ काही काळ धरून ठेवतो, पण जमिनीत ओलच नसेल तर त्या पात्याचं बोंड पोसणार कुठून?

याच निरोपाचा चांगला उपयोग शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि त्याला बाटली लागत नाही. थोडं पाणी असेल तर एक सरी सोडून एक सरी भिजवायची, पुढच्या पाळीला कोरडी राहिलेली. कोरड्या बाजूची मुळं ‘पाणी संपतंय’ असं कळवत राहतात, पानं छिद्रं थोडी आवळतात, आणि ओल्या बाजूची मुळं झाडाला सुकू देत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या द्राक्षबागांत १९९० च्या दशकात नेमकी हीच युक्ती, मुळांचा निरोप समजून घेऊन, वापरली गेली.

आता घरचं. गच्चीवरचा मोगरा किंवा पुदिना दुपारी मान टाकतो तेव्हा अम्मी लगेच तांब्या घेऊन धावतात. जरा थांबावं. भर उन्हात मुळं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडतं, तेव्हा झाड तोंड आवळून बसतं. ऊन उतरलं की बहुधा आपोआप ताठ होतं. सकाळीही पानं लोंबलेलीच दिसली, तर बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहावं. कोरडं लागलं तर पाणी घालावं. चिखल लागला तर मुळं गुदमरलेली असतात, आणि पाण्यात बसलेलं ते झाड तहानलेलंच दिसतं.