सल्ल्याची विद्या : विद्यार्थ्यांचे गट आणि शेतकऱ्यांच्या संस्था

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव तालुक्यांत सोयाबीन, तूर, हरभरा व हळद हीं मुख्य पिकें होत. तीं कशीं काढावीं हें येथील शेतकऱ्यास शिकविण्याची फारशी गरज उरलेली नाहीं. जें कांहीं सांगावयाचें तें सांगण्यास परभणीचें कृषि विद्यापीठ व तोंडापूरचें कृषि विज्ञान केंद्र समर्थ आहे. परंतु माल खळ्यावरून उचलल्यानंतर जो व्यवहार सुरू होतो, त्याची विद्या निराळी. कंपनी कायद्याच्या २००२ सालच्या दुरुस्तीनें दहा उत्पादकांनीं एकत्र येऊन स्वतःची कंपनी काढण्याची सोय झाली. तेव्हांपासून गांवोगांवीं अशा कंपन्या निघाल्या, गोदामें उभीं राहिलीं, यंत्रें आलीं. त्याच कायद्यानें प्रत्येक कंपनीस पूर्ण वेळ काम करणारा मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणें भाग आहे. असा माणूस तयार कोठें व कसा होतो, हा विचार मात्र क्वचितच कोणी करतो.

मोठे कारखानदार अडचणींत सांपडले म्हणजे बाहेरच्या जाणत्या माणसांस बोलावितात. हीं माणसें हिशेब पाहतात, कामगारांशीं बोलतात, बाजारांत हिंडतात, आणि अमुक केल्यास अमुक होईल असें लेखी सांगतात. ह्यास व्यवस्थापन-सल्ला म्हणतात. ह्या कामाची फी इतकी जबर असते कीं, सेनगांवच्या संस्थेनें तिचें नांवही काढूं नये. पण हीच विद्या शिकणारे विद्यार्थी आपल्याकडे येऊं शकतात, आणि त्यांस शिकण्यासाठीं खऱ्या संस्थेची गरज असते. दोघांच्या गरजेचा मेळ घालतां येतो काय, हें येथें पाहावयाचें आहे.

पोहणें जसें पुस्तकावरून येत नाहीं तसाच सल्लाही येत नाहीं, ही गोष्ट शिक्षकांच्या ध्यानांत बऱ्याच उशिरा आली. इंग्लंडांत रेग रेव्हान्स नांवाच्या गृहस्थांनीं १९४० नंतरच्या दशकांत कोळशाच्या खाणींच्या व्यवस्थापकांस लहान लहान गटांत बसवून एकमेकांच्या चालू अडचणींवर विचार करावयास लाविलें, व ह्या रीतीस ‘कृतींतून शिक्षण’ असें नांव पडलें. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठानें १९९२ पासून विद्यार्थ्यांचे गट प्रत्यक्ष कंपन्यांकडे पाठविण्याचा क्रम अभ्यासांतच घातला. आपल्याकडे आणंद येथें १९७९ सालीं ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था निघाली. तेथील विद्यार्थ्यांस खेड्यांत राहून व सहकारी संस्थांत उमेदवारी करून शिकावें लागे. २०२५ सालीं तिचें रूपांतर त्रिभुवन सहकारी विद्यापीठांत झालें. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं ‘उन्नत महाराष्ट्र अभियान’ सुरू केलें, त्याचा हेतु असा कीं अभियांत्रिकी महाविद्यालयांनीं आपल्याच जिल्ह्यांतील पाणी, शेती, वाहतूक असले प्रश्न अभ्यासास घ्यावे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील ‘सितारा’ ह्या केंद्राचा त्यांत पुढाकार होता. परभणीच्या विद्यापीठाचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी कार्यानुभवासाठीं गांवीं येऊन राहतात, हें तर आपण पाहतोंच. मात्र त्यांचें लक्ष पिकाकडे असतें, संस्थेच्या जमाखर्चाकडे नसतें.

तज्ज्ञ आणि शेतकरी एका चटईवर बसले म्हणजे काय होऊं शकतें, ह्याचें मोठें उदाहरण प्रवरानगरचें आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक, म्हणजे पेशानें अर्थशास्त्रज्ञ. त्यांनीं सल्ला देऊन हात झटकले नाहींत. जबाबदारी अंगावर घेतली. विद्यार्थ्यांकडून तितकी अपेक्षा करतां येणार नाहीं, ही गोष्ट आरंभींच सांगून ठेवणें बरें.

आतां हें काम चालतें कसें, तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. आंकडे समजुतीसाठीं घेतले आहेत.

समजा, तालुक्यांतील एका शेतकरी कंपनीनें सोयाबीन स्वच्छ करून प्रतवारी करणारें यंत्र घेतलें. व्याज, घसारा, चालक व राखणदार मिळून वर्षाचा स्थिर खर्च ३,६०,००० रुपये. सभासदाकडून क्विंटलास ६० रुपये घेतात. त्यांतून वीज व हमालीचे २० गेले कीं ४० उरतात. कंपनी तोट्यांत आहे, आणि संचालक पांच विद्यार्थ्यांच्या गटास विचारतात, “दर वाढवावा काय?”

गट पहिल्या आठवड्यांत वह्या पाहतो. तोटा टळण्यास ९,००० क्विंटल माल यंत्रांतून जावयास हवा. यंत्र तासाला २० क्विंटल, म्हणजे आठ तासांच्या दिवसांत १६० क्विंटल काढतें. तेव्हां सत्तावन्न दिवस तें भरून चाललें पाहिजे. परंतु दिवाळीच्या सुमारास लोकांस पैशाची निकड असल्यामुळें सोयाबीन पंचवीस दिवसांतच येऊन संपतें. त्यांत फार तर ४,००० क्विंटल निघतें, व दोन लाखांचा तोटा राहतो. दर वाढवून तो भरून काढावयाचा तर क्विंटलास ११० रुपये पडतील. तितके कोणी देणार नाहीं. तूर, हरभरा व बियाणें यंत्रावर आणलें तर दिवस भरतील, असें उत्तर हुशार विद्यार्थी येथेंच लिहून मोकळा होतो. वर्गांत ह्या उत्तरास चांगले गुण मिळाले असते.

खरी संस्था समोर असल्याचा लाभ ह्यापुढें दिसतो. गटांतील कोणी तरी एखाद्या सभासदाच्या ओसरीवर बसतो आणि विचारतो, “आपण यंत्रावर माल कां आणीत नाहीं?” सभासद म्हणतो, “माझं तीन किलो तिथंच जातं.” हें वाक्य कोणत्याही वहींत सांपडत नाहीं! ४,५०० रुपये भावाच्या एका क्विंटलांतून तीन किलो माती-काडी निघाली, तर ९७ किलो मालाचे ४,५६० रुपये यावे लागतात, तेव्हां कोठें सफाईचे ६० फिटतात. म्हणजे स्वच्छ मालास क्विंटलामागें सुमारें २०० रुपये अधिक मिळाले पाहिजेत. ते मिळतात काय, हें पाहण्यासाठीं एकाच ढिगाचे दोन भाग करावे, एक स्वच्छ करावा, एक तसाच ठेवावा, आणि दोन्ही एकाच दिवशीं लिलावांत मांडावे. तेंही एकदां नव्हे, निरनिराळ्या आठवड्यांत चार वेळां. फरक शंभराचाच पडला, तर सभासद यंत्रापासून दूर राहतो तें शहाणपणानेंच, असें ठरतें. दर वाढवावा काय हा प्रश्नच मग मागें पडतो, आणि कोणत्या गिऱ्हाइकासाठीं माल स्वच्छ करावा हा प्रश्न पुढें येतो.

सरकारी हमीभावाच्या खरेदीचें गणित निराळें आहे. तेथें स्वच्छतेची व ओलाव्याची अट असते. ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांची. २०२४ च्या हंगामांत ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती. त्या वर्षींचा हमीभाव ४,८९२ रुपये. त्या दरानें ९७ किलोचे ४,७४५ होतात. सफाईचे ६० वजा जातां ४,६८५ राहतात, म्हणजे ४,५०० पेक्षां १८५ अधिक. बियाण्याचाही विचार असाच करावा. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण निदान ७० टक्के लागते, व प्रतवारी केलेलें घरचें बियाणें शेजारी आनंदानें घेतो. दिवाळीची निकड हें मूळ दुखणें असेल तर पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचाही तपास गटानें करावा. तींत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठीं ६ टक्के व्याजानें मिळतें.

विद्यार्थी ह्यांतून जें शिकतो, तें मुख्यतः हेंच कीं गिऱ्हाइकानें विचारलेला प्रश्न बहुधा खरा प्रश्न नसतो, आणि तो खरा नाहीं हें अध्यक्षांच्या तोंडावर अपमान न करतां सांगावें लागतें. पांचांच्या गटांत एक हिशेबी, एक बोलका, एक आळशी असतोच. त्यांनीं आपसांत काम वांटून ठरल्या दिवशीं एकमुखानें उभें राहणें हाही अभ्यासाचाच भाग आहे. आमच्या मतें गटांत निदान एक जण तरी शेतकऱ्याच्या घरचा असावा. त्यावांचून तीन किलोची गोष्ट ऐकूनही कानाआड होण्याचा संभव फार.

आतां दुसरी बाजू. विद्यार्थी चुकला तर त्याचे चार गुण जातात; संस्था चुकली तर सभासदांचें भागभांडवल जातें. हा विषमपणा कोणत्याही शिक्षकास पुसून टाकतां येत नाहीं. म्हणून यंत्र विकणें, कर्ज काढणें, नोकर काढणें असले निर्णय गटाच्या एका कागदावर घेऊं नयेत. जें आधीं लहान प्रमाणावर करून पाहतां येतें तेवढेंच आरंभीं करावें. दुसरी अडचण काळाची. महाविद्यालयाचें सत्र संपतें तेव्हां हळद शिजत असते. परीक्षा आली कीं गट निघून जातो व हरभऱ्याचा हंगाम बघावयास कोणी उरत नाहीं. तिसरी अडचण संस्थांच्या स्वभावाची आहे. कित्येक संचालकांस सल्ला नको असतो, आधींच घेतलेल्या निर्णयावर शिक्का हवा असतो. अशा ठिकाणीं मुलांस पाठवूं नये. तीं तेथें खुशामत तेवढी शिकतील.

ज्या संस्थेस असा गट बोलवावयाचा असेल तिनें महाविद्यालयाच्या प्राचार्यांस सत्र सुरू होण्यापूर्वीं दोन महिने पत्र लिहावें. पत्रांत प्रश्न एकच असावा, व तो एका वाक्यांत मांडतां यावा. गेल्या तीन वर्षांच्या वह्या दाखवूं असें त्यांत स्पष्ट म्हणावें, आणि त्या बाहेर जाऊं नयेत म्हणून गटाकडून व त्यांच्या शिक्षकाकडून लेखी घ्यावें. संस्थेच्या बाजूनें एकच माणूस नेमावा. चौघे नेमले म्हणजे कोणीच भेटत नाहीं. राहण्याजेवण्याची सोय व एस. टी. चें भाडें एवढा भार संस्थेनें उचलणें रास्त आहे. फुकटच्या पाहुण्याकडून काम मागतांना माणूस संकोचतो. अर्ध्या वाटेवर एक बैठक सभासदांसमोर व्हावी, व तींत गटानें आपले आंकडे फळ्यावर मांडावे. चुकीचा आंकडा तेथल्या तेथें कोणी तरी उठून सांगतोच. अहवाल मराठींत असावा, ही अट मात्र पत्रांतच घालावी. कंपन्यांची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर भरते. अहवालाची प्रत त्यापूर्वीं पंधरा दिवस तरी सभासदांस वाचावयास मिळाली पाहिजे, आणि ती वाचून दाखविण्यास गटांतील एकानें त्या दिवशीं सेनगांवीं हजर राहावें.