पस्तिशीतला ‘आदत’

म्हसा गावच्या जत्रेत बैल घेणारा आधी जनावराचा जबडा उघडतो. पुढचे दुधाचे दात शाबूत असले तर खोंड ‘आदत’. मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी ‘जुळला’. कर्जत-दहिवलीकडून मुरबाडच्या वाटेने जत्रेला गेलेल्या जुन्या शेतकऱ्याला हा हिशेब शिकवावा लागत नाही. माणसाच्या तोंडात मात्र तो कधी कधी फसतो. दोन मुलांच्या पस्तिशीतल्या बापाचाही एखादा दात ‘आदत’ निघतो आणि त्याला स्वतःला पत्ता नसतो.

दुधाचे दात 20. सहाव्या वर्षापासून बारा-तेरापर्यंत ते पडतात, पण आपणहून नव्हे. खालून कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं. म्हणून तर शेणात घालून कौलावर फेकलेल्या त्या दाताला मूळ जवळपास नसतंच. खालून कुणी आलंच नाही, तर मूळ फार सावकाश झिजतं आणि दात ठाण मांडून बसतो.

असं बहुधा खालच्या दुसऱ्या दुधाच्या दाढेचं होतं. तिच्या जागी यायची उपदाढ जबड्यात घडलेलीच नसते. अक्कलदाढा सोडून एखादा तरी दात मुळातच नसलेले लोक शंभरात पाच-सहा सापडतात, आणि ही गोष्ट घराण्यात चालते. वरच्या सुळ्याची तऱ्हा वेगळी. कायमचा सुळा तयार असतो, पण वाट चुकून टाळूच्या हाडात आडवा पडलेला असतो.

‘दुधाचाच आहे, काढून टाका’ हा सल्ला गावात फुकट मिळतो. मला तो सगळ्यात महाग वाटतो. आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढायचा. खाली दात नसेल, मूळ लांब असेल आणि कीड नसेल, तर त्या दाढेला हात लावायचं कारण नाही. चाळिशी-पन्नाशीपर्यंत तिने साथ दिल्याची उदाहरणं आहेत. कधी ती हाडाला चिकटते. भोवतालचा जबडा वाढतो, ती मात्र खालीच राहते आणि शेजारचे दात तिच्यावर कलतात. मोठ्या माणसात तिच्यावर कॉम्पोझिट (दात भरायचं साहित्य) चढवून किंवा कॅप घालून उंची भरून काढता येते. दाढ हलायलाच लागली तर मग इम्प्लांट, ब्रिज किंवा तारा लावून जागा बंद करणं. इम्प्लांट मात्र जबड्याची वाढ थांबल्यावरच.

अडकलेल्या सुळ्याला हिरडी उघडून, बारीक साखळी चिकटवून तारांनी ओढून आणतात. त्याला वर्ष-दीड वर्ष सहज जातं आणि वय वाढेल तसा तो हटून बसतो. तो शेजारच्या दातांची मुळं खात नाही ना, एवढं तरी पाहून घ्यावंच लागतं. कर्जत लोकल जिथे संपते, त्या सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. खर्चाने दचकणाऱ्याने तिथली चौकशी आधी करावी.

आणि बापाच्या तोंडात असा दात निघालाच, तर नऊ-दहा वर्षांच्या पोरालाही सोबत न्यावं. त्या वयात वरच्या दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूने हिरडीवर बोट फिरवलं की येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा लागतो. दोन्हीकडे लागला तर बरं; एकीकडेच लागला, तर दंतवैद्याला तसं सांगावं.