कांदळवनातील नवरंग

अमरकोशाच्या सिंहादिवर्गातील पक्ष्यांची नावे आम्ही चांदूर बाजारच्या मुलांकडून तीस-पस्तीस वर्षे घोकून घेतली. परंतु त्यांपैकी किती पक्षी गुरुजी स्वतः ओळखतात, असे कोणी विचारले नाही, हे आमचे भाग्यच म्हणावयाचे!

गेल्या चैत्रात घरची मंडळी जगन्नाथपुरीस गेली, तेव्हा नातवाच्या हट्टास्तव पुढे ओडिशातीलच भितरकनिकेच्या कांदळवनात जाणे झाले. खाडीतून नावेने डांगमाळ गाठले व वाटाड्यामागून पायी निघालो. भरतीच्या चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळे दिसताच आम्ही वडीलबंधूंस त्यांचे प्रयोजन सविस्तर सांगू लागलो. इतक्यात दोन सुरांची शीळ ऐकू आली, काहीतरी रंगीत भुर्रकन उडाले आणि नाहीसे झाले. नातू हिरमुसला. वाटाड्याने आमच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेविले. जन्मभर वर्गास ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्या आम्हांस ती आज्ञा प्रथमच झाली!

घटकाभर सारे निःशब्द उभे राहिलो. मग तो आला. हिरवी पाठ, पंखावर झळझळीत निळा पट्टा, बदामी छाती, डोळ्यांवरून काळी पट्टी, शेपटीखाली कुंकवासारखा लाल रंग. शेपूट मात्र नावापुरतीच! चिखलात टुणटुण उड्या मारीत तो भक्ष्य शोधीत होता. खेकडे फोडावयास त्याची चोच चांगली दणकट असते.

आपल्या नवरंगाचा हा भाऊबंद होय. आपला नवरंग हिवाळा दक्षिणेत काढून पावसाच्या तोंडी मेळघाटात येतो, रानात घरटे बांधतो. हा मात्र किनाऱ्याचे कांदळवन सोडून राहत नाही. २०२४ साली ओडिशाच्या केंद्रापाडा व जगतसिंहपूर या दोन जिल्ह्यांत त्यांची गणना झाली, ती अवघी १७९ भरली. कांदळवन तुटले, तर त्याने जावे कोठे?

मृगाच्या सरी पडल्यावर नातवास घेऊन आम्ही चिखलदऱ्याच्या घाटात गेलो. झाडीतून नवरंगाची शीळ आली. पक्षी काही दिसला नाही. पण नातवाने हळूच आमचा हात दाबला, आणि आम्ही, खरेच सांगतो, एक अक्षरही बोललो नाही.

मुलांस पक्ष्यांची नावे अवश्य शिकवावीत. परंतु त्याआधी वडीलधाऱ्यांनी त्यांच्याजवळ घटकाभर गप्प उभे राहावयास शिकावे, एवढेच या वयात उमगले.